मदत हवी आहे: पद्मिनीच्या पार्ट्सची गाडी ब्रेकवर अडली

नमस्कार मंडळी. बाबांची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी सुटी करून घाटकोपरच्या गाळ्यात दोन सीटची छोटी गाडी बांधतोय. १०८९ सीसीचं इंजिन ठणठणीत. मागचा अ‍ॅक्सल कमानपाट्यांसकट तसाच ठेवलाय; बाबांच्या हातचं जेवढं राहील तेवढं हवंय.

अडलंय ब्रेकवर. चारही ड्रम चांगले, पण व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ड्रमवर दाबणारे चाकातले छोटे सिलिंडर) उघडले तर आत गंजाचे खड्डे, नखाला लागतात. नुसती रबरं बदलली तर ऑइल गळणारच. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाले तेही तसलेच. लेथवर आतून पितळी स्लीव्ह बसवून कुणी वापरलेत का? टिकतात? मुंबईत हे काम नीट करणारा कारागीर माहीत असेल तर प्लीज सांगा. आणि बॉडी हलकी झाल्यावर ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक होतात का, म्हणजे फिरायची थांबून घसरतात का? जिवाशी खेळ नको, म्हणून विचारतोय.