कासवाची अंडी हॅचरीत हलवणे योग्य आहे का?

प्रश्न:
माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावी आहे. चाळीस वर्षांपूर्वी पुळणीवर कासवाचा माग दिसला की माणसे वाळूत काठी खुपसून घरटे हुडकत, आणि काठीच्या टोकाला बलक लागला की तिथेच खणून शंभर-सव्वाशे अंडी घरी नेत. मीही ती खाल्ली आहेत, आणि आज त्याचे मनापासून वाईट वाटते. यंदा रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास गावी कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे किनाऱ्यावरून गोळा केलेली अंडी पिल्ले निघेपर्यंत राखण्याची जागा, पाहिली. मादीने स्वतः निवडलेल्या जागेवरून अंडी हलवल्याने पिल्लांचे नुकसान होत नाही का?

उत्तर १:
आपली शंका रास्त आहे. हॅचरी हा नाइलाजाचाच उपाय आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला काम हाती घेतले, तेव्हा घरटे जागेवर ठेवणे म्हणजे ते अंडी चोरणाऱ्यांच्या आणि कोल्ह्या-कुत्र्यांच्या स्वाधीन करणे होते. मात्र अंडी हलवताना फार जपावे लागते. घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो, आणि त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर तो दगावतो. म्हणूनच कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी न फिरवता उचलतात आणि मूळ घरट्याइतक्याच खोल, तळाशी रुंद अशा खड्ड्यात ठेवतात. पिल्ले बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात.

उत्तर २:
यात एक भर घालतो. ऑलिव्ह रिडले या आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या कासवाच्या जातीमध्ये नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते. वाळू जास्त तापली की माद्याच अधिक निपजतात. सगळी घरटी एकाच उघड्या कुंपणात असतील, तर सावलीकडे लक्ष द्यायलाच हवे. जिथे अंड्यांची चोरी खरोखर थांबली आहे, तिथे घरटे जागेवरच ठेवून वर जाळी लावावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३:
मी मच्छीमार कुटुंबातला आहे. अंडी वाचली तरी मोठी कासवे जाळ्यात मरत असतील, तर किनाऱ्यावरचे कष्ट वाया जातात. कासव हवेत श्वास घेते, त्यामुळे जाळ्यात बराच वेळ पाण्याखाली अडकले की गुदमरते. जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ मध्ये आणली, आणि तिची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठेवली. सुटकेचा पुरावा म्हणून फोटो लागतो. माझा भाऊ त्यासाठी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून होडीत हाताशीच ठेवतो.