मदत हवी आहे: गाडीत मागे झोपण्यासाठी काढता-घालता येणारा सपाट प्लॅटफॉर्म

घाटमाथा
मागची सीट फोल्ड केली तरी डिकी आणि सीटची पाठ एका पातळीत येत नाहीत, मध्ये पायरी राहते. त्यावर सपाट प्लॅटफॉर्म करायचा आहे. खाली सामान, वर झोप. सुतार म्हणतो १८ मिमी प्लाय आणि खाली सागाची चौकट. मला ते एकट्याने उचलणार नाही. १२ मिमी चालेल का? पाय कुठे द्यायचे? सुतार उद्या संध्याकाळी येतोय आणि पुढच्या शुक्रवारी रात्री भंडारदऱ्याला निघायचंय. कृपया लवकर सांगा.

रानवारा
गाडी कोणती?

जुना_बोलेरोवाला
१८ मिमीच घ्या, दुसरा विचार नको. माझ्या बोलेरोत सहा वर्षं आहे. आयएस ७१० या मानकाचा शिक्का असलेला, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या, साधा कमर्शियल दोन पावसाळ्यांत फुगतो. सुतार बरोबर सांगतोय.

घाटमाथा
मारुतीची जिमनी, पाच दरवाज्यांची. बोलेरोत जागा किती आणि हिच्यात किती!

रानवारा
हे आधी सांगायला हवं होतं. उंची किती तुमची? एकटे झोपणार की दोघं? आणि किती वेळा काढणार? महिन्यातून एकदा की रोज?

स्पॅनर_दहा_बारा
प्लाय विसरा. ४० बाय ४० मिमीचं ॲल्युमिनियम प्रोफाइल (खाचा असलेली चौकोनी दांडी) घ्या, कोपऱ्यांना ब्रॅकेट, ॲलन की एवढंच हत्यार. चुकलं तर सैल करून सरकवा. सुताराने एकदा कापलं की कापलं.

जुना_बोलेरोवाला
आणि खड्ड्यांत ते ब्रॅकेट सैल होऊन रात्रभर खडखडणार. प्लाय आवाज करत नाही.

स्पॅनर_दहा_बारा
नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) लावा, सांध्यांत पातळ रबर घाला. मुंबईत नागदेवीच्या बाजारात दोन्ही मिळतात. तीन वर्षांत माझा एकही नट हललेला नाही.

सह्यकन्या
वजनाचा हिशेब करा. आठ बाय चारचा १८ मिमीचा पूर्ण प्लाय साधारण ३५ किलो भरतो, १२ मिमीचा २३च्या आसपास. जिमनीचं स्वतःचं वजन साधारण १२१० किलो, परवानगी १५४५ पर्यंत. म्हणजे माणसं, पाणी, सामान, प्लॅटफॉर्म सगळं मिळून ३३५ किलो. चौकटीतच ५० किलो घालवणं परवडत नाही.

कोकणी_माणूस
एवढा खटाटोप कशाला? जिमनीची पुढची सीट हेडरेस्ट काढून मागे पाडली की मागच्या सीटला जुळते. झोपा आरामात.

घाटमाथा
झोपून पाहिलंय. कमरेखाली उंचवटा येतो, सकाळी पाठ धरते. शिवाय सामान ठेवायचं कुठे?
रानवारा, उंची पाच फूट आठ इंच, झोपणार एकटाच. आईला आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपीला न्यावं लागतं, तेव्हा मागची सीट लागतेच, पुढच्या सीटवर तिला गुडघा दुमडून बसवत नाही. त्यामुळे रविवारी रात्री प्लॅटफॉर्म निघाला पाहिजे. बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर.

रानवारा
आता कळलं. मग जाडीपेक्षा तुकड्यांचा प्रश्न महत्त्वाचा. एकच फळा करू नका, तीन करा, प्रत्येक तुकडा एका हाताने जिन्यावरून नेता येईल असा. १२ मिमी चालतो, पण खालून दर फुटावर आडवी पट्टी हवी, नाहीतर मधोमध झोळ येतो. पाय सीटच्या पाठीवर टेकवू नका. आतला फोम दबतो आणि तुम्ही कूस बदलली की सगळं डुलतं. मागचे पाय डिकीच्या तळावर, पुढचे मागच्या प्रवाशांच्या पायांच्या जागेत थेट जमिनीवर. त्या पायांना खाली रबर.
पाच फूट आठ इंचाला मागची लांबी पुरणार नाही. तिसरा तुकडा पियानो बिजागरीवर (कडेभर जाणारी लांब, सलग बिजागरी) ठेवा, गाडी चालवताना उलटा दुमडलेला. मुक्कामाला डावीकडची पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून तो उघडायचा, खाली दुमडते पाय.

वकील_काका
आरटीओकडे लक्ष द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकालही आहे. मूळ रचनेत बदल चालत नाही.

सह्यकन्या
काका, ते सीट काढून टाकत नाहीयेत, तळाला भोकंही पाडत नाहीयेत. काढता येणारं सामान आहे ते.

वकील_काका
मग ठीक. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट मात्र सोडवू नका, एवढंच माझं म्हणणं.

स्पॅनर_दहा_बारा
आणि पट्ट्याने बांधा! रॅचेट पट्टा, दोन ठिकाणी. २० किलोची मोकळी फळी कसारा घाटात जोराच्या ब्रेकला थेट तुमच्या मानेवर येईल. हे सुतार सांगणार नाही.

कोकणी_माणूस
भंडारदऱ्याला काजवे बघायला चाललात का? मे अखेर ते जूनच्या पहिल्या सरी, तेव्हाच खरी मजा. अभयारण्य आहे, वनखात्याच्या वेळा पाहून जा, हेडलाइट बंद ठेवा.

सह्यकन्या
काजव्यांच्या नादात महत्त्वाचं राहतंय. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वासही येत नाही. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन इंच उघड्या आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी. आणि प्लायला एकाच बाजूने सनमायका लावू देऊ नका, मुंबईच्या हवेत तो वाकतो. दोन्ही बाजू आणि कापलेल्या कडा रंगवून घ्या, कडांतूनच पाणी शिरतं.

जुना_बोलेरोवाला
जिन्याचं माहीत नव्हतं. तीन मजले असतील तर १२च घ्या. पण शिक्का बघूनच.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा चाकांच्या उंचवट्यांभोवती कापून तिन्ही तुकड्यांचा साचा केला. सुताराला तोच दिला, १२ मिमी आणि फुटावर पट्ट्या ठरल्या. पुठ्ठा ठेवल्यावर एक लक्षात आलं, मधला तुकडा पुढच्या सीटच्या रिक्लाइनच्या दांड्याला अडतोय. तिथे दोन इंचांची खाच घेतोय. रानवारा, बिजागरीचा जोड त्या खाचेच्या पुढे घेऊ की मागे?

रानवारा
मागे. पुढे घेतलात तर नेमकी खाचेजवळ प्लायची अरुंद पट्टी उरेल आणि बिजागरीचे स्क्रू तिथूनच उपटतील.