उपवासात इन्सुलिन पूर्ण बंद करू नका

एका ताईंनी लिहिलंय, नवरात्रात खाणं नाही म्हणून त्यांचे मधुमेही वडील इन्सुलिनही घेत नाहीत. ताई, हे आजच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. पोट रिकामं असलं तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) असेल तर बेसल, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं दिवसभराचं इन्सुलिन बंद केल्याने रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून जिवावर बेततं. डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मिक्स इन्सुलिनचा (बेसल आणि जेवणाचं एकत्र असलेल्या) हिशोब तर आणखी वेगळा. खरं तर घटस्थापनेआधीच भेटायला हवं.

साबुदाण्यापेक्षा थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी बरी. शेंगांना आपल्या सोलापुरात काय तोटा!

मला जास्त काळजी कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्या मधुमेहींची वाटते. सुमारे ४५ किलोमीटर, त्यात उपवास. चालण्याने साखर उतरते, आणि घरी परतल्यावरही उतरू शकते. ग्लुकोज पावडर पिशवीत नको, खिशात ठेवा. सोबत्याला आजाराची कल्पना द्या. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला की थांबून तपासा. साखर ७० (mg/dL) च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. साखर ३०० च्या वर गेली तरी उपवास तिथेच सोडायचा.