मदत हवी आहे : तिसरीतल्या मुलीसाठी गणिताचा ऑनलाइन सराव

नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे आणि शाळेतल्या गणिताला जोड म्हणून ती घरी एका ऑनलाइन कार्यक्रमावर सराव करते. बेरीज आणि पाढे यांत तिची प्रगती चांगली आहे, परंतु दशक सुटे करून करायच्या वजाबाकीत ती अडते. उदाहरणार्थ, ४०२ मधून १७८ वजा करताना प्रत्येक स्थानावरच्या मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून ती ३७६ असे उत्तर लिहिते. बरोबर उत्तर २२४ आहे. कार्यक्रम उत्तर चुकल्याचे सांगतो आणि रीत पुन्हा दाखवतो, पण शतक सुटे केल्यावर दहा दशक मिळतात, ही मूळ कल्पना तिच्यापर्यंत पोहोचत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

शतक, दशक आणि एकक यांचे ठोकळे मुलाला स्वतः पडद्यावर हलवता व सुटे करता येतील, असा कार्यक्रम कोणी वापरला आहे का? खान अकादमीचा सराव विनामूल्य आहे, हे मला माहीत आहे. या वयाच्या मुलांसाठी, विशेषतः स्थानिक किमतीच्या आकलनासाठी, तो कितपत उपयोगी पडला, हे अनुभवातून सांगावे. घड्याळ लावून सोडवायची उदाहरणे तिला घाईला लावतात, म्हणून ती बंद करण्याची सोय असल्यास उत्तम.

शिक्षकांना आणखी एक विचारायचे आहे : पडद्यावरच्या सरावानंतर तीच उदाहरणे वहीत मांडून घ्यावीत, की आधी काड्यांच्या जुड्या हाताळायला देऊन मगच कार्यक्रमाकडे वळावे?