बोलपट आल्यावर मूकपटातले विनोदवीर मागे का पडले?

प्रश्न
अमेरिकी मूकपटांतील विनोदी नट बोलपटांत फिके पडले, याचे कारण बहुधा त्यांच्या आवाजात शोधले जाते. परंतु त्यांच्यातलाच एक, बस्टर कीटन, लहानपणापासून रंगमंचावर वावरलेला होता आणि त्याचा जाडाभरडा आवाज त्याच्या निर्विकार चेहऱ्याला शोभणाराच होता. मग त्याच्या बोलपटांतली जान का गेली?

प्रतिसाद १
आवाजाआधी यंत्राकडे पाहावे, असे मला वाटते. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई. तो जरा सावकाश फिरवला, की तीच धावपळ पडद्यावर अधिक वेगाने दिसे आणि पाठलागाच्या प्रसंगांना हवी ती लय मिळे. ध्वनी आला आणि सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) हा वेग कायम झाला. शिवाय कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून सुरुवातीला तो बंदिस्त खोक्यात ठेवावा लागे. धावत्या आगगाडीवर विनोद रचणाऱ्या कलावंताला हे जाचणारच. तरीही मुख्य घाव वेगळाच होता. १९२८ मध्ये कीटन एमजीएम या हॉलिवूडमधल्या बड्या स्टुडिओकडे गेला. त्याआधी कथेची सुरुवात आणि शेवट ठरवून मधला भाग चित्रीकरणाच्या ओघात सुचू द्यायचा, ही त्याची रीत होती. तिथे मात्र सगळे आधी कागदावर हवे असे. त्याचे तिथले बोलपट चांगले चालले, हेही लक्षात घ्यावे. गेले ते त्याचे स्वातंत्र्य.

प्रतिसाद २
हे पटते, मात्र ध्वनी हा विनोदाचा वैरी होता असे त्यातून निघू नये. लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडी मूकपटांतलीच; ते १९२९ मध्ये पडद्यावर बोलू लागले आणि अधिकच रंगले, कारण हॅल रोचच्या स्टुडिओत त्यांची कामाची पद्धत शाबूत राहिली. हार्डी चौकटीबाहेर जातो, मोठा धडाका ऐकू येतो आणि आपण पाहत असतो तो लॉरेलचा चेहरा. पडणे न दाखवता हसवण्याची ही सोय मूकपटाला नव्हती.

प्रतिसाद ३
चॅप्लिनचे उदाहरण इथे यायलाच हवे. स्वतःचा स्टुडिओ असल्यामुळे १९३१ मध्येही ‘सिटी लाइट्स’ संवादांविना काढणे त्याला शक्य झाले. त्यात तो चुकून शिट्टी गिळतो आणि दर उचकीसरशी ती पोटातून वाजते. गाणाऱ्याच्या मैफलीचा विचका होतो, बाहेर टॅक्सी येऊन थांबते आणि कुत्रीही धावत येतात. हा सारा प्रसंग ध्वनीवर उभा आहे, संवादावर नव्हे. पूर्ण संवादांचा चित्रपट, ‘द ग्रेट डिक्टेटर’, त्याने थेट १९४० मध्ये केला.