रॉबर्ट डॉलरची लाकडाची जहाजे ते आजची एपीएल : फलकासाठी माहिती हवी

बायणा_वाचक

नमस्कार मंडळी. वास्कोत आमच्या वाचनालयात बंदर आणि जहाजांवर छोटे प्रदर्शन भरवतो आहोत. त्यातला एक फलक लाकूड वाहता वाहता मोठ्या झालेल्या जहाज कंपनीवर करायचा आहे. त्यासाठी रॉबर्ट डॉलरची 'डॉलर लाइन' निवडली. वेर्ण्याच्या रस्त्यावर गरुडाचे चिन्ह असलेले एपीएल या जहाज कंपनीचे कंटेनर मुलांनी पाहिलेले असतात, त्यांचे मूळ तिथे आहे, म्हणून.

तीन गोष्टी नीट हव्यात. लाकूडवाला माणूस जहाजांच्या धंद्यात का शिरला? बंदर नसलेल्या किनाऱ्यावर लाकूड चढवत कसे? आणि आमचे सुतार मेस्त 1:50 मापाचे मॉडेल करणार आहेत, त्यावर डेकवरची थप्पी किती उंच दाखवायची आणि ती बांधायची कशी? डॉलरची कंपनी ही आपल्याकडच्या बॉम्बे बर्मा या सागाच्या कंपनीसारखीच होती का, असेही एकाने विचारले आहे.

डोलकाठी

बायणाबाब, फलकावर पहिली ओळ तारखेची नको, कारणाची घ्या. कारण कळले की पुढचा सगळा इतिहास आपोआप उलगडतो.

डॉलर मूळचा स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा, जन्म 1844. पोरवयात कॅनडात आला आणि लाकूडतोड्यांच्या छावणीत पडेल ते काम करू लागला. पुढे कॅलिफोर्नियात आला. तिथल्या मेंडोसिनो किनाऱ्यावर उसाल इथे रेडवूड या उंच झाडांचे लाकूड कापणारी त्याची गिरणी होती. माल खपायचा सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तिथे न्यायला समुद्राशिवाय सोयीची वाट नव्हती. म्हणजे गिरणीत फळी कितीही स्वस्त पडो, नफा-तोटा जहाजवाल्याच्या भाड्यावर ठरायचा. जहाज वेळेवर आले नाही की थप्प्या साचणार आणि करवत थांबणार. म्हणून 1895 मध्ये त्याने 'न्यूजबॉय' ही वाफेवर चालणारी स्कूनर, म्हणजे डोलकाठ्यांचे छोटे मालवाहू जहाज, विकत घेतली. कंपनीची सुरुवात ती.

वाफच का, तर त्या किनाऱ्यावर वारा बहुतेक वायव्येचा. माल भरून दक्षिणेला येताना तो पाठीशी, पण रिकामे परत उत्तरेला जाताना थेट तोंडावर. शिडाच्या जहाजाला नागमोडी वळणे घेत वर चढावे लागे आणि त्यात दिवस वाया जात.

1902 पासून डॉलरची जहाजे पॅसिफिक ओलांडून आशियात लाकूड नेऊ लागली. इथे त्याला खरी अडचण भेटली, ती म्हणजे परतीचा माल. नदीवरच्या धक्क्यावरून मुरगावला खनिज टाकून रिकाम्या परतणाऱ्या बार्जेस ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. नदीतली रिकामी फेरी परवडते, महासागरातली नाही. डॉलर चीनमधल्या हानयांगहून बीड (कच्चे ओतीव लोखंड) आणि लोहखनिज, जपानहून ओकचे रेल्वे स्लीपर असा मिळेल तो जड माल शोधून आणत असे. ही धडपड फलकावर जरूर येऊ द्या. जहाजांची यादी कुणाच्या लक्षात राहत नाही.

नांगर_आणि_साखळी

चढवण्याचे आणि थप्पीचे मी सांगतो.

त्या किनाऱ्यावर डोंगरकडे थेट पाण्यात उतरतात आणि मधे लहान लहान खाचा आहेत. जहाज खाचेत घ्यायचे, पुढे-मागे नांगर आणि बोयांना चार-पाच दोरखंड लावून कड्याच्या पोटाशी उभे करायचे. माल उतरवण्याच्या दोन रीती होत्या. जुनी म्हणजे लाकडी पन्हळ. कड्यावरून निघालेली ही पन्हळ लाकडी घोड्यांवर पेललेली असे आणि तिचे शेवटचे टोक बिजागरीवर वर-खाली होई. फळ्या एकेक करून घसरत येत आणि टोकाशी उभा असलेला माणूस दांड्याने ब्रेक दाबून वेग मारे. त्याचा हात चुकला तर फळी खालच्या माणसाच्या छातीत. नंतरची रीत तारेची: कड्यावरून जहाजावरून पार समुद्रातल्या नांगरापर्यंत ताणलेली पोलादी तार, तिच्यावर चाकांची गाडी, गाडीला टांगलेला फळ्यांचा गठ्ठा आणि वर कड्यावर वाफेचे विंच. एकेक फळी हाताळण्याऐवजी अख्खा गठ्ठा डेकवर येई, त्यामुळे वेळ खूप वाचला.

बिघडायचे ते उसळीमुळे. जहाज पुढे-मागे खेचले जाते, एक दोरखंड तुटला की सगळा ताण उरलेल्यांवर येतो आणि खडक दोन हातांवर. समुद्र फुगायला लागला की अर्धवट भरलेले जहाज तसेच बाहेर काढत.

आता मॉडेल. डॉलरच्या जहाजापेक्षा 'सी. ए. थेयर' समोर ठेवा. मालक वेगळा, ई. के. वुड लंबर कंपनी, पण धंदा आणि काळ तोच, बांधणी 1895 ची. जहाज आजही सॅन फ्रान्सिस्कोत जपलेले आहे, त्यामुळे फोटो भरपूर मिळतात. तीन डोलकाठ्यांची शिडाची स्कूनर आहे, हे मात्र फलकावर लिहा, नाहीतर बघणारे धुराडे शोधतील. सांगाडा सुमारे 156 फूट, म्हणजे 1:50 ला साधारण 95 सेंमी. माल 5,75,000 बोर्ड फूट (लाकूड मोजायचे अमेरिकी माप). त्यातला निम्मा डेकखालच्या खणात, उरलेला डेकवर 10 फुटांपर्यंत रचलेला. मॉडेलवर ती उंची 6 सेंमी येईल. मेस्तांना ती जास्त वाटेल, पण कमी करू देऊ नका. ही जहाजे तशीच चालत.

बांधणी दाखवताना साखळ्या एका बाजूच्या डेकच्या कड्यांपासून थप्पीवरून दुसऱ्या बाजूला आडव्या घ्या, मधे ताण द्यायचे स्क्रू. पहिल्या एक-दोन दिवसांत थप्पी बसते आणि साखळ्या सैल पडतात, म्हणून त्या पुन्हा आवळाव्याच लागतात. लाकडाच्या जहाजावरचे निम्मे अपघात इथल्या आळसातून होतात असे माझे मत आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही पाया तोच आहे: प्रत्येक बांधणीची तुटण्याची ताकद किमान 133 किलोन्यूटन, आणि हिवाळी क्षेत्रात थप्पीची उंची जहाजाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही.

खरा धोका हळूहळू वाढतो. डेकवरचे लाकूड पाणी पिऊन जड होते आणि त्याच वेळी तळाच्या टाक्यांतले इंधन व पाणी खर्च होऊन तळ हलका होतो. वजन वर सरकते, जहाज 'नरम' पडते. ओळखायची खूण म्हणजे डुलण्याचा वेळ. ढोबळ हिशेब असा: रुंदीला 0.8 ने गुणा, एका पूर्ण डुलण्याच्या सेकंदांनी भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा. उत्तर मीटरमधली मेटासेंट्रिक उंची, म्हणजे जहाजाच्या स्थिरतेचे माप; ते जितके कमी तितके जहाज उलटण्याची भीती जास्त. 20 मीटर रुंद जहाज 20 सेकंदांत डुलले तर 0.64. तेच 32 सेकंद घेऊ लागले तर 0.25. म्हणजे जहाज संथ, सुखाने डुलतेय असे वाटते तेव्हाच कप्तानाने टाक्या तपासायला हव्यात.

वखार_फोंडा

बोर्ड फूट इथे कुणाला कळणार नाही, घनफुटात लिहा. 12 बोर्ड फूट म्हणजे 1 घनफूट. 5,75,000 ला 12 ने भागले की सुमारे 48,000 सीएफटी. घनमीटरमध्ये साधारण 1,357. फोंड्याच्या वखारीत सागवान घेणाऱ्याला हा आकडा लगेच डोळ्यांपुढे येतो.

बॉम्बे बर्मा वेगळी. 1863 ची कंपनी, धंदा ब्रह्मदेशातल्या सागाचा. त्यांचे ओंडके मुळात नदीतून वाहत येत. जहाज कंपनी म्हणून ती वाढली नाही. तिच्यावर थिबा राजाच्या दरबाराने 1885 मध्ये लावलेला दंड इंग्रजांना युद्धाचे निमित्त ठरला, आणि राजा येऊन पोचला आपल्या शेजारी रत्नागिरीत. स्वतंत्र फलक होण्याइतका विषय आहे, या फलकात मिसळू नका.

बायणा_वाचक

फार उपयोगी, देव बरें करूं. मेस्तांना 6 सेंमी पटवून देतो. डॉलरपासून एपीएलपर्यंतचा शेवटचा भाग कुणी पुरा कराल का?

डोलकाठी

करतो. 1923 मध्ये डॉलरने अमेरिकी सरकारच्या शिपिंग बोर्डाकडून 'प्रेसिडेंट' नावांची सात जहाजे घेतली. 5 जानेवारी 1924 ला 'प्रेसिडेंट हॅरिसन' सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणेची नियमित सेवा सुरू झाली. जहाजे सतत पश्चिमेलाच जात: जपान, चीन, मनिला, सिंगापूर, कोलंबो, सुएझ, भूमध्य समुद्र, न्यूयॉर्क, पनामा आणि परत घरी. परतीच्या मालाच्या कोड्याचे हेच उत्तम उत्तर होते असे मला वाटते. ज्या फेरीला परतीचा रस्ताच नाही, तिथे प्रत्येक बंदर पुढच्या बंदरासाठी माल देते. धुराड्यावर पांढरे डॉलरचे चिन्ह असे, तेही काढून घ्या.

पण इथवर येईतो कंपनी लाकडावर नव्हे, टपाल वाहण्याच्या कंत्राटांबद्दल सरकारकडून मिळणाऱ्या पैशांवर उभी होती. 1930 च्या सुमारास 'प्रेसिडेंट हूव्हर' आणि 'प्रेसिडेंट कूलिज' ही मोठी प्रवासी जहाजे सरकारी कर्ज काढून बांधली, नेमकी मंदीच्या तोंडावर. 1932 मध्ये रॉबर्ट डॉलर गेला. 1936 च्या अमेरिकी कायद्याने टपाल कंत्राटांची पद्धत मोडीत निघाली. डिसेंबर 1937 मध्ये हूव्हर तैवानजवळ खडकावर चढले ते कायमचे. 1938 मध्ये सरकारने कंपनीचा ताबा घेतला आणि 1 नोव्हेंबरपासून नाव झाले अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्स, म्हणजे एपीएल. डॉलर कुटुंबाने त्यावर कोर्टात दावा लढवला, तो 1952 मध्ये तडजोडीने मिटला. 1997 मध्ये सिंगापूरच्या नेप्च्यून ओरिएंटने एपीएल घेतली आणि 2016 मध्ये ती फ्रान्सच्या सीएमए सीजीएमकडे गेली.

नकाशा काढणार असाल तर उसाल ते सॅन फ्रान्सिस्को ही पहिली रेघ वेगळ्या रंगात घ्या, आणि जगाच्या नकाशाशेजारी तेवढ्या किनाऱ्याचा मोठा करून तुकडा लावा. जगाच्या नकाशावर ती रेघ दिसणार नाही इतकी लहान आहे.