विंडोज 7च्या इन्स्टॉल फाइल्समध्ये एसपी1 (सर्व्हिस पॅक 1), 2020पर्यंतचे अपडेट आणि यूएसबी 3चे ड्रायव्हर कसे घालायचे?

मापपट्टी
नमस्कार मंडळी. मापन यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोज 7 प्रोफेशनल, 64 बिटवरच चालतं. मशीनला नेट नाही आणि देणारही नाही. नवा संगणक इंटेल स्कायलेक, 100 सिरीज चिपसेट, एनव्हीएमई डिस्क (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी). हाताशी 2009ची मूळ डीव्हीडी आहे आणि एसपी1ची वेगळी फाइल (केबी976932). एक्सपीत /इंटिग्रेट स्विच देऊन एसपी3 मिसळायचो, तसं इथे जमतं का? शिवाय पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर भाषेच्या स्क्रीनवरच माउस आणि कीबोर्ड दोन्ही बंद.

विमकरी
एसपी1पुरतं उत्तर: नाही. एक्सपीत आय386 फोल्डरमधल्या सुट्या फाइल्स बदलल्या की काम व्हायचं. व्हिस्टापासून सगळी सिस्टिम एकाच मोठ्या .विम फाइलमध्ये, म्हणजे इमेजमध्ये, बंद असते, आणि 7चा एसपी1 बंद इमेजमध्ये ऑफलाइन घालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलेलीच नाही. जुन्याच डीव्हीडीवर अडून बसायचं असेल तर इन्स्टॉल करून कंट्रोल-शिफ्ट-एफ3ने ऑडिट मोड (खातं बनवण्याआधी सिस्टिममध्ये बदल करायची सोय), तिथे एसपी1, मग सिसप्रेप जनरलाइझ (त्या मशीनच्या खास खुणा पुसणं) आणि इमेज पुन्हा पकडणं. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? एसपी1सकटचा आयएसओ (बिल्ड 7601) मिळवा. तुमची की तिथेही चालते, फक्त आवृत्ती आणि रिटेल/ओईएम हा प्रकार जुळायला हवा.

पुढचे अपडेट मात्र ऑफलाइन जातात. विंडोज 10च्या संगणकावर आयएसओतलं सगळं एनटीएफएस ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. इन्स्टॉल.विमचा रीड-ओन्ली गुण काढा, नाहीतर माउंट करताना परवानगी नसल्याचा एरर येतो. पुढच्या सगळ्या कमांड डिझमच्या, म्हणजे विंडोजमधल्या इमेज बदलायच्या साधनाच्या. गेट-विमइन्फोने प्रोफेशनलचा इंडेक्स (इमेजमधला त्या आवृत्तीचा क्रमांक) बघा आणि तेवढाच रिकाम्या फोल्डरमध्ये माउंट करा (उघडा). अपडेट कॅटलॉगमधून 64 बिटच्या एमएसयू फाइल्स घ्या आणि अॅड-पॅकेजने एकेक करून, याच क्रमाने द्या:

केबी3020369 (एप्रिल 2015चा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणारा भाग)
केबी4490628 (मार्च 2019चा सर्व्हिसिंग स्टॅक)
केबी4474419 (एसएचए-2 या नव्या डिजिटल सहीचा आधार)
केबी3125574 (मे 2016चा मोठा कन्व्हिनियन्स रोलअप, म्हणजे अपडेटचा एकत्र गठ्ठा)
केबी4534310 (जानेवारी 2020चा मंथली रोलअप)

सगळ्या फाइल्स एका फोल्डरात टाकून फोल्डरच देऊ नका, क्रम हातातून जातो. डिझम तुमच्या विंडोज 10चं असलं तरी प्रत्यक्ष बसवणूक इमेजमधला सर्व्हिसिंग स्टॅकच करतो, आणि 7601चा मूळ स्टॅक जुना. 3125574ला 2015चा स्टॅक आधी लागतो. 2020च्या रोलअपची सही फक्त एसएचए-2 आहे, म्हणून 4490628 आणि 4474419 त्याच्या आधी. शेवटी गेट-पॅकेजेस चालवा. काही पॅकेज 'इन्स्टॉल पेंडिंग' दिसतील. ती पहिल्या बूटला पूर्ण होतात, पुन्हा घालत बसू नका.

पोर्टबाबा
माउस-कीबोर्ड बंद पडतो तो ड्रायव्हरअभावी. 100 सिरीजमध्ये जुना ईएचसीआय (यूएसबी 2चा) कंट्रोलर नाही, सगळे पोर्ट एक्सएचसीआयवर (यूएसबी 3च्या कंट्रोलरवर), आणि 7च्या सेटअपला एक्सएचसीआय कळत नाही. बायोस कळा ओळखतं, म्हणून मेनूपर्यंत ठीक चालतं. सेटअपचा कर्नल ताबा घेतो तेव्हा पेन ड्राइव्हही नाहीसा होतो. 'सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही' असा जो मेसेज येतो त्याचं मूळही बहुधा हेच. डीव्हीडीचा तिथे काही संबंध नाही.

इंटेलच्या यूएसबी 3 ड्रायव्हरमधलं विंडोज 7, एक्स64चं फोल्डर घ्या (आययूएसबी3हब आणि आययूएसबी3एक्सएचसी या दोन आयएनएफ फाइल्स) आणि अॅड-ड्रायव्हर /रिकर्सने तीन ठिकाणी घाला: बूट.विमचा (सेटअप सुरू करणाऱ्या छोट्या इमेजचा) इंडेक्स 1, इंडेक्स 2 आणि इन्स्टॉल.विम. सेटअप चालतो इंडेक्स 2मधून. लोक नुसतं इन्स्टॉल.विममध्ये घालतात आणि सेटअप तिथेच अडतो. नुसतं बूट.विममध्ये घातलं तर इन्स्टॉल होतं, पण पहिल्या रीस्टार्टनंतर नाव टाइप करायला कीबोर्ड नाही.

एनव्हीएमईसाठी केबी2990941 आणि लगेच केबी3087873, त्याच तीन ठिकाणी. दुसरा वगळू नका: नुसत्या पहिल्याने 7ई हा स्टॉप कोड येऊ शकतो, तो दुसऱ्याने दुरुस्त होतो.

बायोसमध्ये यूएफआय (नव्या पद्धतीचं) बूट, सिक्युअर बूट बंद, पण सीएसएम (जुन्या बायोसची नक्कल करणारा भाग) चालू. सीएसएमशिवाय 7ला जुना व्हीजीए आधार मिळत नाही आणि 'स्टार्टिंग विंडोज'वरच स्क्रीन गोठतो.

मापपट्टी
क्रम लागला, आभार. दोन अडचणी. कमिट करून (बदल सेव्ह करून) अनमाउंट करताना सी1420117 एरर आला. आणि इन्स्टॉल.विम 4 जीबीच्या वर गेली, फॅट32 पेन ड्राइव्हवर बसत नाही.

विमकरी
त्या एररचा अर्थ फोल्डर कोणीतरी धरून ठेवलंय. एक्सप्लोररची खिडकी, त्या फोल्डरमध्ये उभा असलेला कमांड प्रॉम्प्ट किंवा अँटिव्हायरस. डिझमच्या लॉगमध्ये बघा. बदल सेव्ह झालेत असं तिथे असेल तरच सगळं बंद करून /डिस्कार्डने अनमाउंट करा. लॉग न बघता डिस्कार्ड केलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

आकारासाठी आधी एक्सपोर्ट-इमेजने फक्त प्रोफेशनलचा इंडेक्स नव्या विममध्ये काढा. बाकीच्या आवृत्त्या आणि मागे राहिलेला कचरा दोन्ही गळतात. विंडोज 10ची /रीसेटबेसची (जुन्या अपडेटच्या फाइल्स पुसायची) युक्ती 7च्या इमेजवर चालत नाही. तरीही 4 जीबीवर राहिली तर स्प्लिट-इमेज, फाइलसाइझ 3800, नाव इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम, आणि सोर्सेस फोल्डरमधून मूळ विम काढून टाका. सेटअप ते तुकडे आपणहून उचलतो.

पेन ड्राइव्ह यूएफआयमध्ये दिसत नसेल तर: 7च्या आयएसओत ईएफआय\बूट हे फोल्डरच नसतं. ते बनवा आणि इमेजमधल्या विंडोज\बूट\ईएफआयमधली बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय तिथे बूटएक्स64.ईएफआय या नावाने ठेवा.

पोर्टबाबा
मापनाच्या सॉफ्टवेअरला डॉटनेट 4.8 लागत असेल तर ते इमेजमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका, इन्स्टॉलनंतर ऑफलाइन इन्स्टॉलरने बसवा. नेट नसलेल्या 7वर ते सर्टिफिकेटच्या साखळीवरून अडतं, कारण मायक्रोसॉफ्टचं 2011चं रूट सर्टिफिकेट तिथे नसतं. ती .सीईआर फाइल पेन ड्राइव्हवर न्या, अॅडमिन प्रॉम्प्टवर सर्टयूटिल -अॅडस्टोअर रूट आणि फाइलचं नाव द्या, मग इन्स्टॉलर चालवा.